विजेनभैयाचा फोन

दक्षिण समुद्रातल्या बेटावरच्या सुवा शहरात, बंदरालगत हार्कनेस शिपिंगचं दुमजली ऑफिस होतं. तिथे नवे फोन बसले तेव्हा पहिले काही दिवस कुणी धड काम केलं नाही. प्रत्येकाच्या टेबलावर छोट्या पडद्याचा राखाडी फोन आला. समोरच्याने फोन उचलला नाही तर एक बटण दाबायचं. मग त्याच्या फोनवर लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर आपलं नाव उमटायचं. म्हणजे बाबा रे, सवड झाली की परत फोन कर. आणि आपण बोलत असताना दुसरं कुणी लावत असलं, तर कानात बारीक घंटी वाजायची. पहिल्याला थांबवून दुसऱ्याशी बोलता यायचं. पहिला बिचारा तोवर गाणं ऐकत बसायचा. पोरी शेजारच्या टेबलावर बसून एकमेकींच्या फोनवर निरोप ठेवत आणि "काय गं, सकाळपासून काय दिवे लावलेस?" म्हणून खिदळत.

शलेश्नीने त्यांना दटावलं नाही. ती हिशेबखात्याची प्रमुख होती, पण तिचा धाक असा कुणाला नव्हताच. शाळा संपल्या संपल्या ती या ऑफिसात चिकटली होती आणि आता पंचेचाळिशी ओलांडली होती. नवरा दलीप नौसोरी ते सुवा बस चालवायचा. सकाळी त्याच्याच बसने ती यायची, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर रोट्यांचा डबा घेऊन. एकुलती एक मुलगी अर्तिका लग्न होऊन ऑकलंडला गेली होती आणि तिला आता दिवस गेले होते.

ऑफिसात शलेश्नीचं माहेर म्हणावं असा एक माणूस होता, विजेंद्र. तिच्या थोरल्या भावाचा हा वर्गमित्र. भाऊ ऐन तिशीत कावीळ होऊन गेला, त्या वर्षी राखी कुणाला बांधायची म्हणून ती रडत बसली होती, तेव्हा विजेंद्र घरी आला आणि मुकाट्याने हात पुढे केला. तेव्हापासून तो तिचा विजेनभैया. पुढे तो कंपनीचा अर्थव्यवस्थापक झाला, काचेच्या केबिनीत बसू लागला. तिला बढत्या मिळाल्या त्या कामाच्या जोरावरच, पण वर शब्द टाकणारा तोच होता, हे ती कधी विसरली नाही. त्याच्या आईच्या आजारपणात ती दर शनिवारी जेवण घेऊन जायची. त्याच्या हातून वर्षअखेरीच्या हिशेबात घोळ झाला, तेव्हा तिने तो रात्रंदिवस खपून निस्तरला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

फोन नवे झाले आणि मागोमाग बातमी आली की ब्रिस्बेनची एक मोठी कंपनी हार्कनेस विकत घेतेय. काही खुर्च्या जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. कुणाच्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ब्रिस्बेनची माणसं येऊन विजेनच्या केबिनीत दार लावून बसू लागली.

शलेश्नीने त्याआधीच ऑकलंडच्या एका मालवाहतूक कंपनीत अर्ज केला होता. तो अर्तिकाने करायला लावला. तिथली नोकरी हातात असली तर कायम राहायचे कागद होतात, दलीपलाही नेता येतं, आणि बाळंतपणाला आई जवळ राहते. मिसेस पेनरोझ नावाच्या बाईंनी फोनवरच मुलाखत घेतली आणि त्यांना शलेश्नी पसंत पडली. ही गोष्ट तिने विजेनला लपवली नाही. रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, चांगलं आहे, माझं नाव दे, त्यांनी विचारलं तर मी चार चांगले शब्द सांगेन.

पण तिचं मन काही एका जागी ठरत नव्हतं. नौसोरीत स्वतःचं घर होतं. सासू म्हातारी, मी या नदीकाठी जन्मले, इथेच जाळा मला, म्हणायची. थंडीच्या देशात, परक्याच्या ऑफिसात, या वयात पहिल्यापासून सुरुवात करायला ती धजत नव्हती. इथली खुर्ची पक्की असेल तर जाऊन काय मिळवायचं? आणि पक्की नसेल तर राहून काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाकडे होतं.

तिने विजेनला फोन लावला. त्याने उचलला नाही, म्हणून निरोपाचं बटण दाबलं. तिच्या टेबलावरून त्याची केबिन समोर दिसायची. काचेपलीकडे त्याच्या फोनवरचा दिवा लागलेला तिने पाहिला. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हाही दिवा तसाच होता. दुसऱ्या दिवशीही. ती दोनदा दारापर्यंत गेली, दोन्ही वेळा आत ब्रिस्बेनची माणसं होती. एकदा जिन्यात गाठ पडली, तर त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बहिनी, श्वास घ्यायला फुरसत नाही बघ. करतो फोन." तिला त्याची कीवच आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती त्याच्या. घरी जाऊन तिने दलीपला सांगितलं की भैयावर फार ताण आहे. दलीप म्हणाला, एक फोन करायला काय ताण लागतो? ती त्याच्यावर चिडली.

आठवडा सरला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी स्विचबोर्डवरच्या मेरेओनीने तिला कळवलं की ऑकलंडहून फोन आहे, जोडते. जोडायला तिने जरा वेळ लावला, पण शलेश्नीच्या ते लक्षात आलं नाही. मिसेस पेनरोझ होत्या. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. जागा एकच आहे, माझ्यापुढे दोन नावं आहेत, मला तूच हवी आहेस, पण आज हो किंवा नाही सांग. हो म्हणालीस तर दुपारीच कागद पाठवते.

शलेश्नीने काचेकडे पाहिलं. विजेन एकटाच होता, पाठमोरा, कानाला फोन लावून. ती मिसेस पेनरोझना म्हणाली, तुमचे उपकार कसे मानू, मला फक्त... आणि तेवढ्यात तिच्या कानात घंटी वाजली. पडद्यावर विजेनचं नाव होतं.

आठवडाभर ज्या फोनची वाट पाहिली तो आत्ता यावा, याला तिने देवाची कृपा मानली. मिसेस पेनरोझना एक मिनिट थांबायची विनंती करून तिने बटण दाबलं.

"बहिनी, माफ कर गं. इतके दिवस तुझं नाव बघतोय पडद्यावर, पण वेळच मिळेना."

"भैया, मला एकच विचारायचंय. माझी खुर्ची राहणार का? ऑकलंडवाल्या बाई दुसऱ्या लाइनवर थांबल्यात. आज सांगायचंय त्यांना."

काचेपलीकडे तो वळला नाही.

"तुझी खुर्ची कोण हलवणार? मी आहे ना इथे. ते खातं तुझ्याशिवाय चालतं का? कुठे जाऊ नकोस. मला तुझी गरज आहे."

"नक्की ना भैया?"

"अगं, मी सांगतोय ना."

तिने परत बटण दाबलं. मिसेस पेनरोझ अजून होत्या. शलेश्नीने त्यांची माफी मागितली आणि नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तू नीट विचार केला असशील, तुझं भलं होवो. फोन ठेवल्यावर शलेश्नीला इतकं हलकं वाटलं की तिने डब्यातल्या रोट्या सगळ्या संपवल्या आणि पोरींच्या पानातला उकडलेला कसावा कंदही मागून खाल्ला.

घरी तिने खरं सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं, म्हणाली. पण अर्तिकाचा नवरा त्या कंपनीतल्या एकाला ओळखत होता. पंधरवड्यातच पोरीचा फोन आला, आणि नेमका दलीपने उचलला. तो ऐकत राहिला, मग फोन ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसला. शलेश्नी चहा घेऊन गेली तर त्याने कप घेतला नाही.

"तू भावाला विचारलंस," तो म्हणाला. "मला नाही विचारलंस."

तो आवाज चढवून बोलला असता तर तिने भांडून घेतलं असतं. पण त्याने तो विषयच पुन्हा काढला नाही. बसमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि तो आरशातून तिच्याकडे बघायचा ते त्याने बंद केलं.

पुढचे तीन-चार महिने तिने कामात स्वतःला गाडून घेतलं. हार्कनेसचे जुने हिशेब ब्रिस्बेनच्या पद्धतीत बसवायचे होते. कुठल्या बोटीचं भाडं कुठल्या खात्यात गेलं, लेवुकाच्या गोदामाचे जुने वाद कसे मिटले, हे सगळं जुळवून द्यायला तीच होती. शनिवारी यायची, सणालाही आली. विजेन आता रोज तिच्या टेबलापाशी यायचा. ब्रिस्बेनवाल्यांसमोर म्हणायचा, ही माझी बहीण, हिच्यामुळे मला झोप लागते. तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नवरा बोलत नाही याचं दुःख या शब्दांनी हलकं व्हायचं.

काम पुरं झालं त्याच आठवड्यात तिला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. ब्रिस्बेनचा एक तरुण माणूस होता, अदबीने बोलणारा. हिशेबखातं आता तिकडूनच चालणार, सुवात त्याची गरज उरली नाही, कंपनी तुमची ऋणी आहे, असं त्याने सांगितलं. पाण्याचा ग्लासही पुढे केला. शलेश्नीने विचारलं, मिस्टर विजेंद्रना हे माहीत आहे का? त्या माणसाला प्रश्नाचं नवल वाटलं. त्यांच्या सल्ल्यानेच ठरलं, तो म्हणाला, वर्षाच्या सुरुवातीलाच.

विजेन त्या दिवशी लाउटोकाला गेला होता. तिने केबिनीकडे पाहिलं, आत कुणी नव्हतं. आपल्या टेबलावरची मुलीची तसबीर आणि देवीचं चित्र पिशवीत घालून ती खाली उतरली. पोरी रडत होत्या. ती रडली नाही. दलीपची बस यायला वेळ होता, म्हणून दुसऱ्याच्या बसने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑकलंडला फोन लावला. मिसेस पेनरोझ जागेवर नव्हत्या; तिने नाव आणि नंबर ठेवला. आता कोण कशाला परत फोन करतंय, असं मनाशी म्हणाली. पण त्यांनी केला. संध्याकाळ व्हायच्या आत केला, आणि उशीर झाला म्हणून माफी मागितली. जागा केव्हाच भरली होती, दुसरी नव्हती, आणि कागदांचे नियमही मधल्या काळात कडक झाले होते. बाईंनी हे सगळं इतक्या हळुवारपणे सांगितलं की फोन ठेवल्यावर शलेश्नीला पहिल्यांदा रडू फुटलं. सासू देवघरातून विचारत राहिली, कोण गं, कोण वारलं?

मग एका शनिवारी मेरेओनी आली. एकटी नव्हती, आपल्या मामाला घेऊन आली होती. मामाच्या हातात, मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी होती, कागदात गुंडाळून रिबीन बांधलेली. दोघं उंबऱ्याच्या आत येऊन चटईवर बसली, माना खाली घालून. तिच्या लोकांत, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांत, असं माणूस माफी मागायला येतं. हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. दलीप चटकन खुर्चीतून उठून खाली बसला. शलेश्नी उभीच राहिली. मेरेओनीने आपलं काय वाईट केलंय, हे तिला कळेना.

मामाने त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तशी मेरेओनीने त्याला थांबवलं. ती म्हणाली, मीच बोलते. बोलताना तिने मान वर केली नाही.

"विजेनभैयाने मला सांगून ठेवलं होतं, दीदी. ऑकलंडहून शलेश्नीला फोन आला तर आधी मला सांग, मग जोड. म्हणाला, त्या बाईंशी दोन शब्द बोलतो, बहिनीचं काम होईल. मला खरं वाटलं."

दलीपने मान वर करून शलेश्नीकडे पाहिलं.

"त्या शुक्रवारी मी त्याला सांगितलं. तो त्या बाईंशी बोललाच नाही. म्हणाला, जोड तिला. मग जरा थांबून त्याने तुला फोन लावला. माझ्या बोर्डावर दोन्ही दिसत होतं. तेव्हा मला काही समजलं नाही. तू गेलीस त्या दिवशी समजलं."

"आणि माझे निरोप?" शलेश्नीने विचारलं.

"ते तो बघायचा. मी एकदा म्हटलं, दीदीचा दिवा लागलाय तुमच्याकडे. म्हणाला, असू दे."

मामाने जुडी दोन्ही हातांनी पुढे सरकवली. ती घेतली तर माफ केलं असं होतं, हे शलेश्नीला माहीत होतं. तिने हात पुढे केला नाही. या पोरीने कपट केलं नाही, हे तिला कळत होतं. तरी तिचे हात उठेनात. बाहेर शेजाऱ्याची कोंबडी ओरडत होती. शेवटी दलीपने वाकून ती जुडी उचलली, कपाळाला लावली आणि मामाशी दोन शब्द बोलला. मेरेओनी मान खाली घालूनच रडत होती. शलेश्नी आत जाऊन चहा टाकू लागली. चहा तिने सगळ्यांना दिला, मेरेओनीलाही, पण तिच्या हातात न देता समोर ठेवला.

पाहुणे गेल्यावर दलीप म्हणाला, चल, मी येतो तुझ्याबरोबर. ती नको म्हणाली. ती एकटीच विजेनच्या घरी गेली.

घरात सामान बांधून ठेवलेलं होतं, खोके भिंतीला लावून रचले होते. ब्रिस्बेनने त्याला तिकडे बोलावलं होतं, बायकोमुलांसकट. त्याची बायको तिला पाहून गोंधळली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही. विजेन व्हरांड्यात बसला होता. बस म्हणाला. ती बसली.

रागाने तोंडाला येईल ते बोलायचं ठरवून ती आली होती. पण त्याला समोर पाहिल्यावर एकच प्रश्न उरला.

"मेरेओनीने सांगितलं मला सगळं. भैया, माझा दिवा आठवडाभर तुमच्या टेबलावर जळत होता. तुम्हाला बघून काय वाटायचं?"

खोटं बोलावं की नाही याचा तो विचार करत असावा. मग खोटं बोलला नाही.

"दिवा लागलेला असायचा तोवर मला धीर असायचा," तो म्हणाला. "वाटायचं, अजून माझ्या उत्तरासाठी थांबली आहे. म्हणजे कुठे जात नाही."

"आणि माझी खुर्ची जाणार हे तेव्हाच ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण तू मध्येच गेली असतीस तर ते हिशेब कुणी जुळवले असते? ते जुळले नसते तर सगळ्यात आधी माझी मान गेली असती. मलाही दोन पोरं आहेत, शलेश्नी." बऱ्याच वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. "मी तुझे पाय बांधले नव्हते. कुठे जाऊ नकोस म्हटलं, तू राहिलीस."

"तुम्ही म्हणालात म्हणून राहिले."

"तेच म्हणतोय."

ती उठली. तोही उठला आणि म्हणाला, थांब, तुझ्यासाठी एक काम करून ठेवलंय. आतून त्याने पाकीट आणलं. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं शिफारसपत्र होतं. कुठेही दाखव, तो म्हणाला, नाही म्हणणार नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता असं नाही. पण त्याहून जास्त सुटका होती, पाकीट घ्यायला तिने हात पुढे केला तेव्हा तर फारच. ते तिथेच फाडून त्याच्या अंगावर टाकावं असं तिच्या मनात आलं. पण बसच्या नोकरीत दलीपचे तास कमी झाले होते. तिने पाकीट पर्समध्ये घातलं आणि फाटकाबाहेर आली.

अर्तिकाला मुलगा झाला. शलेश्नीने पाहुणी म्हणून जायचा अर्ज केला, तो नाकारला गेला. परत येईल याची खात्री वाटत नाही, असं कारण होतं. तिने नातवाचं रडणं फोनवर ऐकलं. दलीप शेजारी कान लावून उभा होता. तो आता तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. पूर्वीसारखं वायफळ काही नाही.

विजेन ब्रिस्बेनला गेला त्याच्या पुढच्या महिन्यात नौसोरीच्या बाजारात लोखंडी सामानाच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवं असल्याचं कळलं. मालक गुजराती होता, म्हातारा, संशयी. तुझ्या वयाची बाई कशाला घेऊ, असं त्याने तोंडावर विचारलं. शलेश्नीने पर्समधलं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावला आणि पत्र सावकाश वाचलं, मधले शब्द पुटपुटत. प्रामाणिक, विश्वासू, संकटात पाठीशी उभी राहणारी. मग त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आता त्याच्या नजरेत आदर होता.

"मोठा माणूस दिसतोय. लिहितो, ही मला सख्ख्या बहिणीसारखी आहे." त्याने पत्राची घडी घातली. "खरं का?"

दुकानात खिळ्यांचा आणि रंगाचा वास भरून राहिला होता. दारात एक गिऱ्हाईक पत्र्याचे भाव विचारत खोळंबलं होतं.

"हो," शलेश्नी म्हणाली.

मालकाने तिला सोमवारपासून यायला सांगितलं.